टाइम-स्टेप बदलला की एजंट वेगळाच वागायला लागतो: कुठे कुठे शोधायचं

एजंटांचं, म्हणजे कोडमध्ये बनवलेल्या माणसांचं, सिम्युलेशन नीट चाललेलं असतं, एक टिक (सिम्युलेशनचं एक पाऊल, म्हणजेच टाइम-स्टेप) एक मिनिटाचा धरलेला असतो, आलेख पण बरे दिसत असतात, आणि मग कुणीतरी म्हणतं जरा बारकाईने बघू, टिक दहा सेकंदांचा करू, आणि तिथून सगळंच बिनसतं. जो एजंट आधी वीस मिनिटांत थकायचा तो आता साडेतीन मिनिटांच्या आतच थकतो, ज्यांचं एकमत होत होतं त्यांचं आता होत नाही, निर्णयाला लागणारा वेळ बदलतो, आणि कोडमध्ये तर एका आकड्याशिवाय कशालाच हात लावलेला नसतो. मग बरेच जण पॅरामीटर हाताने फिरवून जुना आलेख जुळवून घेतात आणि पुढे जातात, आणि पुढच्या वेळी टिक बदलला की तेच दुखणं परत वर येतं.

हे दुखणं पॅरामीटरचं नाहीच. एजंटच्या स्टेटमधला (म्हणजे त्याच्या त्या क्षणीच्या अवस्थेतला) बदल कुठेतरी वेळेच्या हिशोबात न लिहिता टिकच्या हिशोबात लिहिलेला असतो. टिक ही आपली सोय आहे, आपण एजंटकडे किती वेळा डोकावतो एवढंच त्यातून कळतं, आणि एजंटचा थकवा, आठवण, विश्वास, मूड यांचा आपल्या डोकावण्याशी काही संबंध असता कामा नये. हे ऐकायला सोपं वाटतं पण कोडमध्ये टिक ज्या ज्या ठिकाणी लपून बसतो त्या जागा खूप आहेत, आणि प्रत्येक जागेचा उपाय वेगळा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी खात्री करा की तुमचं दुखणं हेच आहे. तोच प्रयोग तीन टिकांवर चालवा, आत्ताचा, त्याचा अर्धा आणि त्याचा पाव, आणि एका ठरावीक खऱ्या वेळेला, समजा साठाव्या मिनिटाला, एजंटांची स्टेट कशी पसरलीय ते बघा. एकेक रन शेजारी ठेवून तुलना करू नका, कारण सीड (रँडम आकड्यांचा क्रम ठरवणारा सुरुवातीचा आकडा) तोच ठेवला तरी टिक अर्धा केल्यावर रँडम आकडे दुप्पट वेळा काढले जातात, सगळा क्रमच सरकतो, आणि दोन रन वेगळे दिसतात ते निव्वळ नशिबाने. शेकड्याने रन घ्या आणि सरासरी, पसारा, टोकाची माणसं किती हे बघा. एकच वाट समोरासमोर बघायची असेलच तर आधी सगळ्यात बारीक टिकचा नॉइज (रँडम धक्के) तयार करून ठेवा आणि मोठ्या टिकला त्यातले लागोपाठचे तुकडे बेरीज करून द्या, मग दोघांच्या वाट्याला एकच नशीब येतं आणि उरलेला फरक खरा असतो.

आता फरक किती आहे याच्यापेक्षा तो कमी कसा होतो इकडे लक्ष द्या, निदानाला हे फार उपयोगी पडतं. पूर्ण आणि अर्ध्या टिकमधला फरक एकीकडे लिहा, अर्ध्या आणि पाव टिकमधला दुसरीकडे. दुसरा फरक पहिल्याच्या साधारण निम्मा आला तर ती साधी गणिती चूक आहे, ऑयलरच्या पद्धतीने, म्हणजे आत्ताचा दर गुणिले टिक एवढं सरळ पुढे जात, पावलं टाकली की एवढी येतेच, टिक बारीक केला किंवा सूत्र सुधारलं की जाते. दुसरा फरक पहिल्याच्या साधारण ०.७ पट आला तर संशय थ्रेशोल्डवर (ओलांडली की स्टेट बदलते किंवा निर्णय होतो अशा रेघेवर) घ्या, त्याचं कारण खाली देतोय. आणि फरक कमीच होत नसेल, किंवा टिक बारीक करत जाल तसा वाढतच असेल, तर नियमच टिकमध्ये लिहिलेला आहे, टिक आणखी बारीक करून काहीही हाती लागणार नाही.

मग अपडेटच्या फंक्शनमधली प्रत्येक ओळ समोर घ्या आणि एकच प्रश्न विचारा, की हा बदल वेळ गेला म्हणून होतोय की काहीतरी घडलं म्हणून होतोय? थकवा वाढणं, लक्ष उडत जाणं, राग हळूहळू शांत होणं हे वेळ गेला म्हणून. बक्षीस मिळालं आणि अंदाज सुधारला, शेजाऱ्याने काही सांगितलं आणि मत हललं, हे घडलं म्हणून. पहिल्या प्रकारात डीटी (एका टिकमध्ये जाणारा खरा वेळ) यायलाच पाहिजे आणि दुसऱ्या प्रकारात डीटी येताच कामा नये. ही दुसरी बाजू लोक विसरतात. टिकचा धडा एकदा बसला की सगळीकडेच डीटीने गुणत सुटतात, आणि मग रेस्कोर्ला-वॅगनरचा (१९७२) शिकण्याचा नियम, जो मुळातच दर अनुभवाला एकदा लावायचा आहे, तो पण डीटीने गुणला जातो आणि टिक बारीक केला की एजंट शिकायचाच थांबतो. एक अनुभव म्हणजे एक अपडेट, टिक कितीही असो.

वेळेने होणाऱ्या बदलांत सगळ्यात नेहमीची ओळ म्हणजे ‘दर टिकला लक्ष १० टक्क्यांनी कमी’. टिक एक मिनिटाचा असताना दहा मिनिटांनी ०.९ चा दहावा घात, म्हणजे ०.३५ लक्ष उरतं. टिक अर्ध्या मिनिटाचा केला आणि ओळ तशीच ठेवली तर वीस वेळा गुणलं जाऊन ०.१२ उरतं. इथे बहुतेक जण १० चे ५ टक्के करतात, त्याने ०.३६ येतं, जवळ आहे म्हणून चालून जातं. पण दर जास्त असला की हाच भागाकार अंगाशी येतो. मिनिटाला ६० टक्के उडणारी गोष्ट घ्या, टिक दोन मिनिटांचा करा, सरळ गुणून १२० टक्के उडाली, म्हणजे लक्ष उणे झालं, खरं तर ०.१६ उरायला हवं होतं. आणि हे दिसत पण नाही, कारण कुणीतरी आधीच ० ते १ मध्ये क्लॅम्प (आकडा त्या हद्दीबाहेर जाऊ न देणारी ओळ) लावून ठेवलेला असतो. क्लॅम्प दिसला की मला तिथे आधी थांबावंसं वाटतं, तो काढून रन करा, आकडे बाहेर पडायला लागले तर रोग कुठे आहे ते लगेच कळतं. बरोबर ओळ ही आहे:

लक्ष = लक्ष * एक्सप(-के * डीटी)

इथे एक्सप म्हणजे ई या आकड्याचा घात, के म्हणजे मिनिटाचा दर, मिनिटाला १० टक्क्यांसाठी तो ०.१०५४ येतो, ०.१ नाही, म्हणजे उरलेल्या ०.९ चा लॉग घ्यायचा आणि चिन्ह बदलायचं. शून्याकडे न जाता एखाद्या नेहमीच्या पातळीकडे परतायचं असेल तर पातळीपासूनच्या अंतराला हाच गुणक लावा. पॅरामीटरच्या नावातच एकक लिहायची सवय करा, ‘क्षय_दर_प्रति_मिनिट’ असं. नाव लांब होतं पण सहा महिन्यांनी कोड उघडणाऱ्याला विचारत बसावं लागत नाही.

नॉइजचं गणित वेगळं आहे आणि इथे अंदाज हमखास चुकतो. समजा मूडमध्ये मिनिटाला ०.२ एवढ्या स्टँडर्ड डेव्हिएशनचा धक्का बसतो, तर पंचवीस मिनिटांनी पसारा १ होतो, कारण बेरीज व्हेरियन्सची (डेव्हिएशनच्या वर्गाची) होते, डेव्हिएशनची होत नाही. टिक अर्धा करून ०.२ तसाच ठेवला तर पसारा १.४१. ०.२ चा निम्मा करून ०.१ घेतला तर ०.७१. दोन्ही चूक. ०.२ ला २ च्या वर्गमुळाने भागून ०.१४१ घ्यायचं, मग पन्नास पावलांनंतर बरोबर १ येतो. म्हणजे नॉइजला डीटीने नाही, डीटीच्या वर्गमुळाने गुणायचं. डीटीने गुणणारं कोड खूप दिसतं आणि त्याचं लक्षण पण ठरलेलं असतं, टिक जितका बारीक तितके सगळे एजंट एकसारखे वागायला लागतात, वेगळेपणच मरून जातं, आणि लोकांना वाटतं की मॉडेल स्थिर झालं. अजून एक, पायथनमधल्या नंपाय लायब्ररीच्या नॉर्मल फंक्शनला दुसरा आकडा स्टँडर्ड डेव्हिएशन लागतो, व्हेरियन्स नाही, हे पण एकदा तपासून घ्या.

मूड भटकतो आणि परत मूळ जागी ओढला जातो, असं दोन्ही हवं असेल तर ऑर्नस्टाइन-उलेनबेक प्रक्रिया वापरा, १९३० पासूनची आहे आणि तिचं अचूक पाऊल सूत्रात मिळतं, ऑयलरची गरजच नाही:

मूड = मूळ + (मूड - मूळ) * एक्सप(-के * डीटी) + सिग्मा * वर्गमूळ((१ - एक्सप(-२ * के * डीटी)) / (२ * के)) * रँडम

सिग्मा म्हणजे नॉइजची ताकद, रँडम म्हणजे सरासरी ० आणि डेव्हिएशन १ चा आकडा. डीटी कितीही घ्या, दोन मिनिटं की दोन तास, पसारा तोच येतो. एवढं सोपं अचूक सूत्र हाताशी असताना अंदाजे पावलं टाकण्यात काही अर्थ नाही.

आता सुट्या स्टेटवाली मॉडेल, एकाग्र, विचलित, झोपाळलेला अशी, आणि मध्ये ट्रान्झिशन मॅट्रिक्स, म्हणजे एका टिकमध्ये कुठल्या स्टेटमधून कुठल्या स्टेटमध्ये जायची शक्यता किती याचा तक्ता. मिनिटाला एकाग्रचा विचलित व्हायची शक्यता ०.४ आणि परत यायची ०.२ असू द्या. अर्ध्या मिनिटासाठी दोन्ही निम्मे करून ०.२ आणि ०.१ घेतले आणि दोन पावलं टाकली, तर मिनिटाची शक्यता ०.३४ आणि ०.१७ निघते. बरोबर आकडे ०.२४५ आणि ०.१२२५ आहेत. मॅट्रिक्सचं वर्गमूळ घ्यायचं असतं, तिच्या घरांना भागायचं नसतं. काही जण १ मधून ०.६ चं वर्गमूळ वजा करून ०.२२५ काढतात, ते एकदा गेला की परत येत नाही अशा बदलासाठी बरोबर आहे, पण इथे एजंट मधल्या अर्ध्या मिनिटात जाऊन परत पण येऊ शकतो, म्हणून कमी पडतं. मी तर सांगेन की मॅट्रिक्स साठवूच नका, दर साठवा, म्हणजे एका स्टेटमधून दुसऱ्यात जाण्याचा वेग दर मिनिटाला किती, आणि हव्या त्या डीटीची मॅट्रिक्स सायपाय लायब्ररीच्या एक्सपीएमने (मॅट्रिक्सचा एक्सप काढणाऱ्या फंक्शनने) काढा.

पण मॅट्रिक्स डेटामधूनच आली असेल तर एक अडचण उभी राहते. दोन स्टेटपैकी एकीतून निघायची शक्यता ०.७ आणि दुसरीतून ०.६ असेल, बेरीज १ च्या वर, तर सतत वेळेत चालणारी कुठलीच मार्कोव्ह प्रक्रिया (जिथे पुढचं फक्त आत्ताच्या स्टेटवर ठरतं) ती मॅट्रिक्स देऊ शकत नाही, अर्ध्या मिनिटाची मॅट्रिक्स अस्तित्वातच नाही. एल्फविंगने १९३७ मध्ये हा प्रश्न मांडला होता आणि तीन किंवा जास्त स्टेटना तो चांगलाच अवघड होतो. अशा वेळी लॉगएम (एक्सपीएमचं उलटं फंक्शन) वापरलं की उणे दर किंवा काल्पनिक आकडे येतात आणि लोक ते शून्य करून पुढे जातात. शून्य करू नका. एक तर नमुना लहान असल्यामुळे आकडे डगमगतायत, किंवा तुमचा एजंट खरोखर पाळीपाळीने इकडून तिकडे जातोय आणि त्याला या स्टेट पुरत नाहीत. दुसरं असेल तर मॉडेल बदलावं लागेल, आकडे घासून भागणार नाही.

स्टेट पुरत नाहीत याचं आणखी एक लक्षण म्हणजे लुकलुकणं. टिक बारीक केला की एजंट एकाग्र-विचलित-एकाग्र असा क्षणाक्षणाला उड्या मारताना दिसतो. दर बरोबर असला तरी हे होतं, कारण साध्या मार्कोव्ह साखळीला आपण या स्टेटमध्ये कधी आलो ते माहीतच नसतं, मुक्कामाची सगळ्यात संभवनीय लांबी नेहमी एक टिकच असते, टिक कितीही लहान असो. माणूस एकाग्र झाला की काही वेळ तरी एकाग्र राहतो, हे मॉडेलला सांगायचं असेल तर त्या एका स्टेटचे आत चार टप्पे करा, पहिल्यातून दुसऱ्यात, असं चौथ्यातून बाहेर, प्रत्येक टप्प्याचा दर चौपट ठेवा. सरासरी मुक्काम तोच राहतो पण त्यातला चढ-उतार निम्मा होतो, आणि एका टिकमध्ये आत येऊन लगेच बाहेर पडणारे जवळपास नाहीसे होतात. किंवा सरळ सेमी-मार्कोव्ह करा, आत शिरतानाच मुक्काम किती ते काढून ठेवा. लुकलुकणं थ्रेशोल्डमुळे असेल, थकवा ०.७ च्या आसपास घुटमळतोय आणि प्रत्येक वेळी स्टेट बदलतेय, तर आत जायची रेघ ०.७ आणि बाहेर यायची ०.५ अशा दोन वेगळ्या रेघा ठेवा, एवढ्याने भागतं.

थ्रेशोल्डचा मोठा घोटाळा मात्र निर्णयाच्या मॉडेलमध्ये होतो, आणि तो इतका शांतपणे होतो की कळतच नाही, म्हणून इथे जास्त वेळ घेतोय. रॅटक्लिफचं ड्रिफ्ट-डिफ्युजन मॉडेल (१९७८) घ्या, पुरावा जमत जातो, डगमगत जमतो, आणि वरची किंवा खालची सीमा लागली की निर्णय. कोडमध्ये आपण दर टिकला बघतो की सीमा ओलांडली का. पण दोन टिकांच्या मध्ये पुरावा सीमेला शिवून परत खाली आला तर आपल्याला तो दिसतच नाही. टाकी भरली का हे तासातासाने जाऊन बघणाऱ्याला ती कधी भरली ते कळत नाही, तो गेला तेव्हा भरलेली होती एवढंच कळतं, आणि मध्ये भरून परत उतरली असेल तर तेवढंही नाही. त्यामुळे सिम्युलेशनमधला निर्णयाचा वेळ नेहमी खऱ्यापेक्षा जास्तच येतो, एकाच बाजूला चुकतो, आणि रन वाढवून ही चूक जात नाही.

किती चुकतो ते काढता येतं. टिकटिकने बघितलं की सीमा जणू ०.५८२६ गुणिले सिग्मा गुणिले डीटीचं वर्गमूळ एवढी लांब सरकते. दोन्ही सीमा सुरुवातीपासून १ अंतरावर, सिग्मा १, ड्रिफ्ट (पुराव्याचा एका बाजूला असलेला कल) शून्य धरा, निर्णयाचा खरा सरासरी वेळ १ सेकंद असतो. टिक १० मिलिसेकंदांचा घेतला तर सीमा १.०५८ झाल्यासारखी होते आणि वेळ सुमारे १.१२ सेकंद येतो, बारा टक्के जास्त, आणि १० मिलिसेकंद म्हणजे बहुतेकांना बारीकच वाटतं. १ मिलिसेकंद घेतला तरी साधारण पावणेचार टक्के उरतातच, कारण चूक डीटीच्या वर्गमुळाने कमी होते, टिक दहापट बारीक केला तर फायदा फक्त तिपटीचा. वर ०.७ पट फरकाचं म्हटलं ते ह्याच वर्गमुळामुळे. अशा सिम्युलेशनवरून माणसांच्या डेटाला पॅरामीटर बसवले तर सीमा खऱ्यापेक्षा कमी निघते, आणि मग लोक लिहितात की अमुक गट कमी सावध आहे.

उपाय दोन आहेत. एक, कोडमधली सीमा तेवढ्याच अंतराने आत ओढा, १० मिलिसेकंदांसाठी १ ऐवजी ०.९४२, एका ओळीचं काम आहे. दुसरा जास्त नीट, दर टिकला दोन्ही टोकं सीमेच्या आत असली तरी मध्ये सीमा लागून गेली असण्याची शक्यता काढा आणि तेवढ्या शक्यतेने निर्णय झाला असं धरा:

शक्यता = एक्सप(-२ * (सीमा - आधी) * (सीमा - नंतर) / (सिग्मा * सिग्मा * डीटी))

हे एका सीमेचं सूत्र आहे, पण टिक बरा असेल तर एका टिकमध्ये दोन्ही सीमा लागणं जवळपास अशक्य असतं, तेव्हा दोन्हींना वेगवेगळं लावलं तरी चालतं. जाता जाता, रॅटक्लिफच्या पद्धतीत सिग्मा ०.१ धरतात आणि बरीच पॅकेज १ धरतात, तेव्हा कुणाची सीमा उचलताना दहापटीचा फरक आधी बघून घ्या, तो टिकचा दोष समजून लोक दिवस घालवतात.

एजंट एकमेकांकडे बघून बदलत असतील तर अपडेटचा क्रम तपासा. दोनच एजंट घ्या, एकाचं मत १, दुसऱ्याचं ०, नियम एकच की समोरच्याचं मत उचलायचं. दोघांना एकदम अपडेट केलं तर मतं अदलाबदल होतात, पुढच्या टिकला परत, कायम तसंच. पहिल्याला आधी अपडेट केलं तर दोघं ०. दुसऱ्याला आधी केलं तर दोघं १. नियम तोच, शेवट तीन. मोठ्या प्रमाणावर हेच नोवाक आणि मे यांच्या १९९२ च्या कामाबाबत झालं, चौकटीवर प्रिझनर्स डिलेमा (सहकार्य करायचं की दगा द्यायचा असा खेळ) खेळणाऱ्यांत सहकार्य टिकतं असं त्यांनी दाखवलं होतं, आणि १९९३ मध्ये ह्युबरमन आणि ग्लान्स यांनी दाखवलं की एकदम अपडेट करण्याऐवजी एकेकाला केलं तर त्याच आकड्यांवर सहकार्य संपून जातं. १९९४ मध्ये नोवाक, बोनहोफर आणि मे यांनी उत्तर दिलं की दुसऱ्या आकड्यांवर एकेकाच्या अपडेटमध्येही सहकार्य टिकतं. म्हणजे वाद एका बाजूने सुटला असं नाही, पण क्रम हा मॉडेलचाच भाग आहे, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

तुमच्या कोडमध्ये बघायचं ते असं. साधा फॉर-लूप असेल आणि एजंट शेजाऱ्याची स्टेट थेट वाचत असेल तर यादीत वरचा एजंट जुनी स्टेट वाचतो आणि खालचा नवी, म्हणजे ना धड एकदम ना धड एकेक. यादी उलटी करून रन करा, निकाल बदलला तर सापडलं. एकदमच हवं असेल तर जुनी आणि नवी अशा दोन प्रती ठेवा, जुनीतून वाचा, नवीत लिहा, टिकच्या शेवटी अदलाबदल करा. नेटलोगो या एजंट-सिम्युलेशनच्या भाषेतलं आस्क दर वेळी क्रम पिसतं आणि एकाचं सगळं काम संपल्यावर दुसऱ्याला घेतं, म्हणजे ते एकेकच आहे, हे लक्षात असू द्या. पण पिसूनही टिकचं दुखणं उरतंच, कारण दर टिकला प्रत्येकजण एकदा शेजाऱ्याचं ऐकतो, टिक अर्धा केला की दुप्पट ऐकतो. माणसं खऱ्या वेळेत कधीमधी बोलतात असं म्हणायचं असेल तर प्रत्येक एजंटला स्वतःचा बोलण्याचा दर द्या आणि पुढचं बोलणं कधी ते त्या दरावरून रँडम काढा. सगळ्या दरांची बेरीज घ्यायची, ० आणि १ मधल्या रँडम आकड्याच्या लॉगचं चिन्ह बदलून त्या बेरजेने भागायचं, तेवढ्या वेळाने पुढची घटना, आणि कुणाची ते दरांच्या प्रमाणात ठरवायचं. गिलेस्पीने १९७६-७७ मध्ये रासायनिक क्रियांसाठी मांडलेली पद्धत आहे पण एजंटांना अगदी चपखल बसते, आणि हिच्यात टिकच नाही, तेव्हा टिकचा दोष यायला जागाच राहत नाही. बऱ्याच मॉडेलना मी हीच सुचवतो.

निर्णय पुन्हा पुन्हा घेणारे एजंट असतील तर आणखी एक जागा. दर टिकला १० टक्के शक्यतेने काहीतरी रँडम करून बघायचं असं लिहिलेलं असेल तर टिक बारीक झाला की एजंट जास्त वेळा भरकटतो आणि प्रत्येक भरकटणं इतकं छोटं असतं की त्यातून काही शिकायलाच मिळत नाही. डिस्काउंट (पुढच्या बक्षिसाची किंमत दर टिकला कितीपट उरते) पण तसंच, टिकला ०.९९ असेल तर अर्ध्या टिकला ०.९९५ पाहिजे, वर्गमूळ, नाहीतर एजंट निम्म्याच भविष्याचा विचार करतो. आणि हे दोन्ही दुरुस्त केलं तरी टिक फार बारीक असला की एका टिकपुरत्या कृतीने काही फरकच पडत नाही, सगळ्या कृतींच्या किमती जवळपास सारख्या होतात आणि शिकणं नॉइजमध्ये बुडतं. लीमन बेअर्डने १९९३ मध्येच हे दाखवून कृतींमधला फरक वेगळा शिकायची पद्धत सुचवली होती. सोपा मार्ग म्हणजे दोन घड्याळं वेगळी ठेवा, शरीर-मनाची स्टेट बारीक टिकवर चालू द्या आणि निर्णय दर अमुक सेकंदांनी, आणि ते अमुक सेकंद मॉडेलचा पॅरामीटर म्हणून उघड लिहा.

आठवणीचं मॉडेल घातांकीय नसेल तर वरचा एक्सपवाला उपाय लागू पडत नाही. ॲक्ट-आर या मनाच्या मॉडेलमध्ये एखाद्या आठवणीची सक्रियता म्हणजे आधीच्या प्रत्येक वापराला किती वेळ झाला त्याचा उणे ०.५ वा घात, सगळ्यांची बेरीज, आणि तिचा लॉग. हे एका आकड्यात साठवून टिकटिकने पुढे नेता येत नाही, प्रत्येक वापराची वेळ साठवावी लागते. वेळ सेकंदांऐवजी मिनिटांत मोजली तर प्रत्येक सक्रियता ६० च्या लॉगच्या निम्म्याने, म्हणजे २.०५ ने वाढते, आठवायची रेघ मात्र जागेवरच राहते, आणि एजंटला अचानक सगळंच आठवायला लागतं. दुसरं, आठवण वापरली त्याच टिकमध्ये परत विचारली तर झालेला वेळ शून्य आणि शून्याचा उणे घात फुटतो, म्हणून लोक वेळेत एक टिक मिळवून टाकतात. टिक १ सेकंदाचा असताना ताज्या आठवणीची सक्रियता मग ० येते, ०.१ सेकंदाचा केला की १.१५. क्रॅश थांबवायला घातलेल्या त्या एका टिकने अख्खा निकाल टिकच्या हातात दिला. तिथे टिकऐवजी सेकंदांतला ठरावीक आकडा टाका.

एवढं सगळं झालं तरी फरक उरला असेल तर कोडमधले सुटे पूर्णांक शोधा. निरीक्षण ५ टिक उशिरा पोचवणारी क्यू, शेवटच्या २० टिकांची सरासरी, १० टिक वाट बघून सोडून देणारा संयमाचा काउंटर, पहिले १०० टिक टाकून द्यायची सवय. यातला प्रत्येक आकडा सेकंदांत लिहा आणि सुरुवातीला एकदाच डीटीने भागून टिक काढा, आणि भागाकार पूर्ण येत नसेल तर प्रोग्रॅमला तिथेच थांबू द्या, गुपचूप राउंड करू देऊ नका.

काही मॉडेलमध्ये मात्र टिक हीच खरी गोष्ट असते. पाळीपाळीचे खेळ, एकामागून एक दाखवलेले ट्रायल, डीग्रूटच्या मॉडेलसारख्या (१९७४) मत जुळवायच्या फेऱ्या, इथे फेरी म्हणजे फेरी, तिचे सेकंद करायला जाऊ नका आणि ती अर्धी पण करू नका. फक्त मग त्या व्हेरिएबलचं नाव ‘फेरी’ ठेवा, ‘वेळ’ नको, आणि त्याच एजंटमध्ये थकव्यासारखी वेळेने चालणारी गोष्ट घालायची झाली तर दोन फेऱ्यांमध्ये किती सेकंद गेले हे डेटामधून घ्या, प्रत्येक फेरीला सारखंच अंतर धरू नका.

पूर्ण, अर्धा आणि पाव टिकवाली ती तपासणी एकदाच करून सोडू नका, टेस्टमध्ये घालून ठेवा, म्हणजे कुणी नवी ओळ घातली आणि टिक परत आत शिरला तर त्याच दिवशी कळेल. टेस्टला थोडे कमी रन दिले तरी चालतील, पण फरकाची मर्यादा रनांच्या स्टँडर्ड एररवरून ठरवा, नाहीतर ती विनाकारण लाल होत राहते आणि लोक ती बंद करून टाकतात.